कळसाडीच्या रस्त्यावरचा गूळ

२७ मे, मंगळवार

ही वही मी स्पर्धा परीक्षेच्या टिपणांसाठी घेतली होती. पहिल्या पानावर 'राज्यघटनेची उद्देशिका' एवढंच लिहून झालं आहे. आता तिच्यात आजचं लिहिते. न्याय मागायचा तर तारीखवार नोंद हवी.

आज सकाळी कळसाडीच्या रस्त्यावर एका पांढऱ्या मोटारीने आईला धडक दिली. आई सायकलवर होती, मागे आमचुराच्या दोन गोण्या. उन्हाळाभर आम्ही कैऱ्या सोलून, फोडी वाळवून आमचूर करतो. व्यापारी पाड्यावर येऊन मातीच्या भावाने नेतो, म्हणून आई स्वतः खालच्या गावांत दारोदार विकते. सायकल माझी, शिष्यवृत्तीतून घेतलेली. मी कॉलेजसाठी शहाद्याला वसतिगृहात राहायला गेल्यावर आईने ती चाळिशी ओलांडल्यावर शिकून घेतली. अख्खा पाडा हसला होता.

निरोप मिळाल्यावर मी ग्रामीण रुग्णालयात पोहोचले तेव्हा तिच्या उजव्या मनगटाला फळी बांधलेली होती. दोन हाडं मोडली आहेत. लुगड्यावर सगळीकडे आमचुराचा भुगा. बाकावर मोटारीचे मालक बसले होते, कळसाडीचे धर्मेंद्रभाई. मला पाहून उठून उभे राहिले. म्हणाले, "बेटा, गाडी मीच चालाडी ऱ्हायना व्हतू. चूक मन्ही शे." एक्स-रे, औषधं, सगळं त्यांनीच केलं. वर नारळपाणी. किती लोक धडक देऊन पळून जातात! हा माणूस स्वतःहून कबूल झाला. त्यांच्या पत्नी मात्र बाहेर गाडीतच बसून होत्या. खाली उतरल्या नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाही. नवरा एवढा सज्जन आणि बायको अशी.

आईला विचारलं, रस्त्यावर कोणी पाणी तरी दिलं का?

"पाणी दिलं. गूळ दिला," आई म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

(आई आमच्या बोलीत, पावरीतच बोलते. मी मराठीत लिहिते.)

२८ मे, बुधवार

पोलीस जबाब घ्यायला आले. हवालदारांनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं? आईचं बोलणं मी मराठीत सांगत होते. आई भिंतीकडे बघत म्हणाली, "माझं लक्ष रस्त्याकडे होतं." मग म्हणाली, "मिटलं ते. लिहू नका."

मी मध्ये पडले. म्हटलं, साहेब, मिटलेलं नाही, लिहा. हवालदार हसून म्हणाले, "मावशी, तुमची पोरगी कलेक्टर होणार." आईने हे ऐकलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

गरीब माणसाला किती घाबरवून ठेवलं आहे आपण, असं रात्रभर वाटत राहिलं.

५ जून, गुरुवार

प्लास्टर सहा आठवडे. बा सुरतेकडे बांधकामावर आहे. फोनवर म्हणाला, येऊ का? आई म्हणाली, येऊन काय माझ्या हाताला टेकू देणार? काम कर.

घरात नऊ गोण्या आमचूर पडून आहे. हवा दमट झाली की काळं पडतं, मग कोणी विचारत नाही. मला सायकलवर एक गोणीसुद्धा तोलता येत नाही. पुढचं चाक धडकेत वाकलेलं, तरी काल प्रयत्न केला आणि गोठ्यात जाऊन पडले. आई पोटभर हसली. अपघातानंतर पहिल्यांदा.

आज व्यापारी आला. आईने त्याला बसूही दिलं नाही. "माझा माल न्यायला माणूस येणार आहे," म्हणाली.

"कोण माणूस?"

"येईल."

रोज सकाळी ती रस्त्याकडच्या दगडावर जाऊन बसते. गाडीचा आवाज आला की मान वर करते. धक्का बसलेल्या माणसाच्या मनावर असा परिणाम होतो असं मी मानसशास्त्राच्या पेपरात वाचलं होतं.

१४ जून, शनिवार

निकाल लागला. बी.ए., प्रथम श्रेणी. आमच्या घरातली पहिली पदवी, पाड्यावरचीसुद्धा. मोबाइलवरचा निकाल आईला दाखवला. तिने डाव्या हाताने मोबाइल धरला, उलटा करून मागून पाहिला आणि म्हणाली, "आता याचं काय करायचं?"

मी म्हटलं, "आता तुझा न्याय मिळवायचा."

१७ जून, मंगळवार

शहाद्याला यामिनी मॅडमकडे गेले. वकील आहेत, आमच्या कॉलेजात एकदा महिला कायद्यांवर बोलायला आल्या होत्या. तेव्हाचं त्यांचं एक वाक्य मी कॉलेजच्या वहीच्या मागे लिहून ठेवलं आहे. ऑफिस लहान आहे, पंखा आवाज करतो, पण मॅडम बोलायला लागल्या की तो ऐकू येत नाही. अपघात झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. औषधपाणी, बुडालेली कमाई, हात कायमचा अधू राहिला तर त्याची भरपाई. विमा कंपनीने द्यायची. मी थक्क झाले. माझ्या आईचं मनगट कायद्याच्या पुस्तकात आहे!

मॅडमनी विचारलं, आई दिवसाला किती घरं करते? मला सांगता आलं नाही.

घरी येऊन विचारलं तर आईने चुलीपुढे बसून एकेचाळीस घरं सांगितली. शिकलेल्या माणसासारखी कागदावरून नव्हे, दारांवरून. हिरवं दार, तिथली म्हातारी पातळ फोडी घेते. मोठं जांभळाचं झाड, तिथल्या सुनेला दिवस गेलेत, ती तिथेच उभी राहून खाते. पितळी कड्यांचं दार, ती बाई भाव करत नाही पण हसतही नाही. मी लिहून घेता घेता थकले. एवढ्या लोकांना माझी आई ओळखते आणि मी सहाव्या वर्षापासून आश्रमशाळेत, मग वसतिगृहात. आईला मी सुट्टीपुरतीच ओळखते.

२२ जून, रविवार

वकीलपत्र घेऊन बसले. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, डावा अंगठा चालतो असं मॅडमनी सांगितलं होतं. आईने हात पदराखाली घेतला.

"मिटलेला झगडा उकरायचा नाही."

"कुठे मिटला? कोणी मिटवला? पंच बसले? कागद झाला?"

"मिटला म्हणजे मिटला."

मी खूप बोलले. संविधान, हक्क, सगळं. शेवटी तोंडून मराठीतच निघालं, "तुम्ही लोक असेच राहणार. कायम घाबरत."

आईला मराठी बोलता येत नाही. समजतं मात्र सगळं. ती उठली आणि बाहेर जाऊन दगडावर बसली.

'तुम्ही लोक'. मी असं म्हटलं. लिहिताना हात थांबतो आहे, पण खोटी नोंद ठेवायची नाही असं मी ठरवलं आहे.

३ जुलै, गुरुवार

आज फार मोठं घडलं. क्रमाने लिहिते.

गाडीच्या विम्याच्या कागदाची प्रत हवी होती म्हणून कळसाडीला गेले. धर्मेंद्रभाई शेतात होते. दार उघडलं त्यांच्या पत्नीने, प्रतिभाबेन. पितळी कड्यांचं दार. मी ओळखलं, आईच्या यादीतलं.

त्यांनी मला झोक्यावर बसवलं, चहा केला. माझ्यापुढे बसल्या आणि पहिलं वाक्य हे, "तुन्ही मायना हात कसा शे?"

मी म्हटलं, हात बरा होईल, पण आई बरी नाही. दावा करू देत नाही. मिटलं म्हणते. आणि रोज दगडावर बसून कोणाची तरी वाट बघते.

"कोनी?"

"माहीत नाही. माल न्यायला माणूस येणार आहे म्हणते."

प्रतिभाबेननी हातातला कप खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं. गाडी त्या स्वतःच चालवत होत्या. "मी शिकी ऱ्हायनी व्हती. आमना घरना बाजूले बसेल व्हतात." घरना म्हणजे त्यांचे यजमान. गाडीला शिकाऊचा लाल 'एल' लावलेला होता, शिकाऊ परवानाही आहे. पण धडक होताच धर्मेंद्रभाई म्हणाले, तू तोंड उघडू नको, बाईने ठोकली म्हणून गावात बोभाटा होईल, पोलीसही अडकवतील. ते फोन करायला बाजूला गेले. प्रतिभाबेन आईजवळ मातीत बसल्या. गाडीत गुऱ्हाळावरून आणलेली गुळाची ढेप होती, चक्कर येऊ नये म्हणून खडा फोडून आईला दिला.

"तुन्ही मायनी काय करं, म्हाईत शे? खडाना दोन तुकडा कयात. अर्धा स्वतः खादा, अर्धा मन्हा तोंडमा घाला. मंग मन्हा हात धरीसन बरंच काही बोलनी. गोनीसकडे बोट, गावसकडे बोट. माले काय समजनं नही. मी आपली 'हा, हा' करत ऱ्हायनी."

मी घरी कशी आले ते आठवत नाही. सायकलचं पुढचं चाक अजून वाकडं आहे, म्हणजे एसटीनेच आले असणार.

संध्याकाळी आईसमोर बसले. विचारलं, गूळ अर्धा का केलास?

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाणी का पितात ते विचारलं आहे. आपल्यात झगडा तुटला, म्हणजे मिटला, की दोन्ही बाजूंनी एका खड्याचा गूळ खायचा. त्यानंतर तो विषय काढणारा खोटा. तुझ्या आजोबांनी किती झगडे असे तोडले. "तू नव्हतीस ना इथे," आई म्हणाली. टोमणा नव्हता तो. नुसतं सांगितलं.

"आणि बोललीस काय तिच्याशी?"

"म्हटलं, पैसा नको. हात बरा होईपर्यंत माझी फेरी तू मार. आमचूर काळं पडू देऊ नको. ती हो म्हणाली. दोनदा म्हणाली."

"आई, तिला पावरी येत नाही."

आईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "मग मान कशाला हलवली एवढी?"

आणि आम्ही दोघी हसत सुटलो. आईला हसताना हात दुखत होता, तरी थांबेना.

नंतर मी विचारलं, पोलिसांना का नाही सांगितलंस, बाई चालवत होती म्हणून?

"ती शिकत होती," आई म्हणाली. "मी शिकताना पाड्यावरच्या झिपरूच्या म्हशीला धडकले होते. झिपरू कुठे पोलिसांत गेला?"

६ जुलै, रविवार

प्रतिभाबेनना फोन करून गुळाचा अर्थ सांगितला. त्यांनी ते मला परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हंजे ती सव्वा महिना मन्हीच वाट देखी ऱ्हायनी?"

मी म्हटलं, तुम्ही मुद्दाम केलं नाही, काही बांधील नाही तुम्ही.

"'हा' कोन म्हने? मीच म्हने व्हती."

९ जुलै, बुधवार

त्या आल्या! पाड्याच्या चढावर गाडी दोनदा बंद पडली, पोरं मागे धावली, कोंबड्या पळाल्या. प्रतिभाबेन चालवत होत्या. शेजारी धर्मेंद्रभाई, एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून. आई दगडावरून उठली. तिने नुसतं गोण्यांकडे बोट दाखवलं. या वेळी प्रतिभाबेनना समजलं.

तीन गोण्या मागे टाकल्या, आई आणि मी त्यांच्याच शेजारी कोंबून बसलो. पहिलं गाव कळसाडीच घ्यायचं, असं प्रतिभाबेननी ठरवलं होतं. जिथे लाज सगळ्यात जास्त वाटेल तिथून सुरुवात. मला हे सुचलं नसतं.

गल्लीच्या तोंडाशी त्या उतरल्या. तोंड उघडलं, आवाज निघेना. आईने मागून ढोसलं आणि स्वतः ओरडून दाखवलं, "आमचूssर!" प्रतिभाबेन ओरडल्या. दारं उघडली.

"काय वं प्रतिभा, गाडी लिसन आमचूर इकाले लागनी का?"

"हा. ल्या किलोभर."

"धर्मेंद्रभाई, तुम्ही काय इकतस?"

"मी बाजूले बसस," धर्मेंद्रभाई म्हणाले. "तेच मन्हं काम शे."

सगळ्या बायका हसल्या आणि त्यांच्याबरोबर तेही. मी त्यांना या वहीत सज्जन म्हटलं होतं. ते खोडत नाही. पण माणूस सज्जन आज दिसला.

संध्याकाळपर्यंत तीन गोण्या संपल्या. आई म्हणाली, "आवाज बरा आहे. भाव मात्र लवकर सोडते."

१६ जुलै, बुधवार

प्लास्टर काढलं. मनगट थोडं वाकडं बसलं आहे, पूर्ण वळत नाही. डॉक्टर म्हणाले, जड उचलायचं नाही. आईने हात चार बाजूंनी फिरवून पाहिला. "हँडल धरेल," म्हणाली.

२१ जुलै, सोमवार

प्रतिभाबेन आणि धर्मेंद्रभाई दोघांनी पोलीस ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब दिला. खरा. आईनेही दिला. हवालदारांनी विचारलं, मावशी, आधी का नाही सांगितलं? आई म्हणाली, "आधी तिने सांगायचं होतं."

तिथून सगळे यामिनी मॅडमकडे गेलो. त्यांनी शिकाऊ परवाना पाहिला आणि डोक्याला हात लावला. परवाना चालू, गाडीला 'एल', शेजारी परवानाधारक. सगळं नियमात. कंपनीला नाही म्हणायला फारशी जागाच नाही. खोटं बोलायची कोणालाच गरज नव्हती. एवढं सगळं, बाईने ठोकली असं कोणी म्हणू नये म्हणून!

आता प्रश्न आईचा. मी वकीलपत्र काढलं नाही. म्हटलं, तुझं मिटलं आहे, मला समजलं. मी हट्ट करणार नाही.

आईने विचारलं, पैसे कोण देणार?

मॅडम म्हणाल्या, विमा कंपनी. प्रतिभाबेनच्या खिशातून काही जायचं नाही.

आई मला म्हणाली, "विचार तिला. कंपनीने माझ्याबरोबर गूळ खाल्लाय का?"

मी भाषांतर केलं. मॅडमनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "नाही. कंपनीने अजून खाल्लेला नाही."

"मग तिच्याशी झगडा चालू आहे," आई म्हणाली आणि अंगठा पुढे केला.

दाव्यात प्रतिभाबेनचं नाव 'सामनेवाली क्रमांक एक' असं लिहावं लागतं. आईला हे आवडलं नाही. "समोर कुठे? ती तर शेजारी बसली आहे." शेवटी नियम म्हणून मान्य केलं. मी आठ वर्षं नागरिकशास्त्र शिकले, पण भांडण नेमकं कोणाशी आहे हे आधी ठरवायचं, हे आईकडून शिकले.

१९ ऑक्टोबर, रविवार

बरेच दिवस लिहिलं नाही. सांगण्यासारखं एवढंच की चाक सरळ करून आणलं आणि आई सायकलवर बसली. पाड्यापासून रस्त्यापर्यंत, रिकामीच. परत आली तेव्हा कपाळावर घाम होता. जड माल अजून प्रतिभाबेनच नेतात, आता पक्क्या परवान्यावर. धर्मेंद्रभाईंची सुट्टी झाली. ते म्हणतात, करमत नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

आज शहाद्याला लोक अदालतीत निकाल लागला.

विमा कंपनीचे अधिकारी आले होते, इस्त्रीचा शर्ट, हातात फायलींचा गठ्ठा. आधी त्यांनी कमी रक्कम सांगितली. म्हणाले, या बाईंच्या कमाईचा पुरावा काय? यामिनी मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून उभी राहिले आणि एकेचाळीस घरं वाचायला लागले, दारांसकट. सतराव्या घराला न्यायाधीश म्हणाले, बास. मागे बसलेल्या प्रतिभाबेन म्हणाल्या, "पितळना कडासवालं घर मन्हं शे, साहेब. मी साक्ष देस."

रक्कम वाढली. आईने मान हलवली. आकडा इथे लिहीत नाही, आई म्हणते वहीत आकडा लिहिला की त्याला नजर लागते. घराच्या पुढच्या खोलीवर आमचुरासाठी पक्की माडी होईल एवढी आहे.

सह्या झाल्या. अधिकाऱ्यांनी फाइल बंद केली आणि उठायला लागले. तेवढ्यात आईने पिशवीतून फडकं काढलं. गुळाचा खडा. वाकड्या मनगटानेच तो फोडला आणि अर्धा त्यांच्यापुढे धरला.

"मावशी, मला शुगर आहे," अधिकारी म्हणाले.

मी भाषांतर केलं. आईचा हात तसाच. "बारीक खा. पण खा."

अधिकाऱ्यांनी न्यायाधीशांकडे पाहिलं. न्यायाधीश फायलीत काहीतरी वाचत होते. वाचण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

तेव्हा मागून प्रतिभाबेन म्हणाल्या, "खाई ल्या साहेब. पन ती काय बोलस ते आधी समजी ल्या. मी नुसती मान हालाई व्हती, तर पाच महिना आमचूर इकी ऱ्हायनी."

सगळे हसले, पण अधिकाऱ्यांनी खरंच मला विचारलं, "काय म्हणतात त्या?"

मी आईला विचारलं. आई म्हणाली, "सांग, झगडा तुटला. रस्त्यात भेटला तर तोंड फिरवायचं नाही."

त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढा गूळ चिमटीत घेतला आणि खाल्ला. म्हणाले, "नाही फिरवणार."

आईच्या हातात अजून खडा उरला होता. अर्ध्यातला अर्धा तिने तोंडात टाकला आणि राहिलेला माझ्यापुढे धरला.

"मला कशाला? माझा कोणाशी झगडा?"

आईने उत्तर मराठीत दिलं. आयुष्यात पहिल्यांदा, दोनच शब्द.

"तुम्ही लोक."

मी खाल्ला. फडक्याला आमचुराचा भुगा लागलेला होता. थोडा आंबट लागला.